थोरल्याचं नाव आधी

उदगीरच्या कॉलेजच्या फाटकाला सायकल टेकवून संगप्पा पोस्टमन आधी खाकरून घसा मोकळा करायचा आणि मग लग्नात आहेराची नावं पुकारतात तसा आवाज लावायचा, "डाक्टर आऽऽर जीऽऽ धावारे! परदेशचं कार्ड हायऽऽ!"

ज्याच्या नावाची ही हाक असायची, तो माणूस तीन वर्षांपूर्वी वारलेला होता. आणि डॉक्टर तर तो कधीच नव्हता. चौथीपर्यंत शिकला होता.

व्हरांड्यातली पोरं हसायची. वनस्पतीशास्त्राचे लेक्चरर पंढरी ग्यानोबा धावारे खडूचे हात झटकत वर्गातून बाहेर यायचे आणि कार्ड घ्यायचे. कार्ड छापील असायचं. कुठल्याशा दूरदेशीच्या संशोधकानं रिकाम्या जागेत लिहिलेलं असायचं, की आपला अमुक लेख वाचण्याची इच्छा आहे, एक प्रत पाठवावी. तेव्हाची रीतच तशी होती. लेख छापून आला की मासिकवाले लेखकाला त्याच्या सुट्या प्रती द्यायचे आणि जगातून कार्डं आली की त्या टपालानं धाडायच्या. बाकीच्या प्राध्यापकांच्या प्रती कपाटात पिवळ्या पडत होत्या. धावाऱ्यांच्या केव्हाच संपल्या होत्या, आणि कार्डं थांबत नव्हती.

"सर, ह्ये बी आधी उस्मानाबादला जाऊन आलं बगा," संगप्पा कार्डावरची लाल शाईची रेघ दाखवत म्हणाला. "आपला जिल्हा लातूर झाला, पर तुमच्या गोऱ्याला कोण सांगावं? त्यो आपला जुन्याच जिल्ह्यात हिंडून राहिला."

"लेखावर तसंच छापलंय, संगप्पा. तेव्हा उस्मानाबादच होतं."

"मंग बदला की वो."

"छापलेलं बदलत न्हाई."

"आसं व्हय. आन् ह्यो डाक्टर आर जी कवा भेटायचा आमाला?" संगप्पानं डोळा मिचकावला. तो दोन महिन्यांखाली निलंग्याहून बदलून आला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"त्यो आमचा अण्णा. थोरला भाऊ. गेला त्यो," पंढरी म्हणाले.

संगप्पानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि सायकलवर न बसताच ती ढकलत नेली. त्या दिवसापासून त्यानं हाक मारणं सोडलं. कार्ड आलं की वर्गाच्या दारात येऊन चुपचाप टेबलावर ठेवायचा. पोरांची करमणूक बुडाली, पण पंढरींनाच ती हाक ऐकू यावी असं वाटत राहिलं.

*

रामकिशन आणि पंढरी देगलूर रस्त्यावरच्या एका खेड्यातले. बाप ग्यानोबा लवकर गेला. रामकिशननं चौथीत पाटी ठेवली आणि सालानं राहिला. पंढरी शिकत राहिला. औरंगाबादला एम.एस्सी. होईपर्यंत त्याच्या खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि वर्षाकाठी एक सदरा, सगळं त्या सालगड्याच्या मिळकतीतून आलं. दर पत्रात खाली एकच ओळ असायची, आणि ती गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेली: "इकडची फिकीर करू नये." पंढरी उदगीरला लेक्चरर झाला तेव्हा रामकिशन नवं धोतर नेसून कॉलेज बघायला आला, शिपायालाच साहेब समजून "जय भीम साहेब" म्हणाला, आणि मग दोघंही एकमेकांना बराच वेळ साहेब साहेब करत राहिले. ती नक्कल रामकिशन स्वतःच घरी करून दाखवायचा. शिपायाचा तो खर्जातला आवाज त्याला हुबेहूब यायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माणसं खडी फोडायला गेली, घरात रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, लाल मिलोच्या भाकरी आणि सरकारी मदतीची सुकडी आली. गावाबाहेर जनावरांची छावणी पडली आणि रामकिशनला तिथं राखणीचं काम मिळालं. छावणीच्या अंगाला ज्वारीची रानं होती. गुडघाभर वाढून करपलेली, आणि एखादी सर पडली की बुडातून हिरवे फुटवे फेकणारी. भुकेली जनावरं दावं तोडून त्या हिरव्यावर जायची, आणि घटकाभरात पाय ताणून पडायची. छावणीतले लोक म्हणायचे, नजर लागली. कुणी म्हणायचं, पाणी बाधलं.

"पंढरी," एका रविवारी रामकिशन म्हणाला, "तू झाडाझुडपाचं शिकलास न्हवं? मग सांग की, कालच्या वावरातली खाल्ली तवा काय झालं न्हाई, आन् आज शेजारच्या वावरातली खाऊन बैल गेला. ज्वारी तर एकच हाय."

पंढरीला उत्तर येत नव्हतं. पण प्रश्न त्याला सोडेना. कोवळ्या ज्वारीत विष धरतं हे पुस्तकात होतं. कुठल्या वावरात, कुठल्या फुटव्यात, पावसानंतर किती उन्हं गेल्यावर ते उतरतं, हे नव्हतं. कॉलेजात विष दाखवणारा एक पिवळा कागद होता, पण मोजकाच. एवढ्या रानांतले नमुने तपासायचे तर तो आठवड्यात संपला असता.

"कागद कशाला पायजे?" रामकिशन म्हणाला. त्यानं एक फुटवा तोडला, दाढेखाली धरला, चावला, थुंकला, चूळ भरली. "ह्यो कडू." दुसरा तोडला. "ह्यो लई कडू. ह्याच्याजवळ ढोर जाऊ देयचं न्हाई."

"अण्णा, सोड ते. जीव जाईल."

"गिळून राहिलो का मी? थुकतो न्हवं!"

तो उन्हाळा आणि पुढचा पावसाळा असा गेला. राखण सांभाळून रामकिशन वावरावावरातून फुटवे चावत हिंडला. गोड, मळमळीत, कडू, लई कडू. चार चवी. पंढरी रविवारी येऊन त्या मांडून घ्यायचा आणि मधूनमधून पिवळा कागद लावून पडताळा बघायचा. कागद जेवढा गडद व्हायचा तेवढं रामकिशनचं तोंड वाकडं झालेलं असायचं. दोन्हींत फरक पडला नाही म्हटलं तरी चालेल.

*

लेख इंग्रजीत लिहिला गेला. इंग्रजीत लिहायची एक रीत पंढरी शिकला होता: करणारा माणूस वाक्यात आणायचा नाही. नमुने गोळा केले गेले. नमुने चाखले गेले. कुणी चाखले, हे ती भाषा विचारत नाही. दुसऱ्या तक्त्यात चार चवींना शून्य ते तीन असे आकडे दिले आणि वर "चवीची प्रत" असं भारदस्त नाव लागलं.

टंकलेखकानं विचारलं, "सर, नावं कोणती टाकू?"

"आर. जी. धावारे आणि पी. जी. धावारे," पंढरी म्हणाला. अजिबात विचार न करता. जेवायला बसताना थोरल्याचं ताट आधी वाढतात, तसं.

"हे आर. जी. कोण? पीएच.डी. आहेत?"

पंढरीला एकाएकी लाज वाटली. कशाची, ते त्याला तेव्हा कळलं नाही. तो हसून म्हणाला, "अहो, लग्नपत्रिकेत नसतं का, थोरल्यांचं नाव आधी? तसंच."

टंकलेखक खो खो हसला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूम हसली. तो विनोद पंढरीचा म्हणून कॉलेजात रूढ झाला. पाहुणा प्राध्यापक आला की कुणीतरी म्हणायचंच, "धावारे, ते तुमचं लग्नपत्रिकेचं सांगा ना!" आणि पंढरी सांगायचा. लोक हसले की तो त्यांच्यातला व्हायचा. खरं म्हणजे धावाऱ्यांच्या घरात तोवर एकही लग्नपत्रिका छापलेली नव्हती. लग्नं तोंडी आवतणावर झाली होती. त्या घराण्यातलं पहिलं छापील नाव म्हणजे त्या लेखावरचं रामकिशनचं.

लेख पंचाहत्तर साली आला आणि कार्डं सुरू झाली. ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या डॉक्टरांची, ब्राझीलच्या रसायनवाल्यांची. माणसाची जीभ किती नेमकं सांगू शकते यावर काम करणारी एक बाई कुठल्याशा थंड देशातून लिहायची. दुष्काळात सरकारनं छावण्या कशा चालवाव्यात यावर पुस्तक करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञानंही दाखला दिला. एकानं दुसऱ्याच्या लेखाचा आधार घेतला की लेखाखाली तसं लिहावं लागतं, तो दाखला; आणि कुणाला किती दाखले मिळाले याची जाडजूड सूची परदेशात दर वर्षी निघते. पंढरींनी नंतर आणखी लेख लिहिले, रानभाज्यांच्या मराठी-कानडी-तेलुगू नावांवर, तरोट्यावर, बांधावरच्या गवतावर. भाषावाल्यांनी एक उचलला, वैद्यांनी एक. पण ज्वारीच्या लेखासारखा कुठलाच चालला नाही. गंमत अशी, की वनस्पतीशास्त्रवाल्यांनी तेवढं त्याच्याकडे फारसं पाहिलं नाही.

रामकिशन एकोणऐंशीत काविळीनं गेला. त्याची बायको यशोदाबाई तेव्हापासून दिराच्या घरी उदगीरला होती. कार्ड आलं की पंढरी तिला वाचून दाखवायचे, आणि ती विचारायची, "त्येंच्या नावानं हाय का?" हाव म्हटलं, की कार्ड कपाळाला लावून परत द्यायची.

*

नवा जिल्हा झाला तशी लातूरच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्राचा पदव्युत्तर विभाग निघायचं ठरलं. विभागप्रमुख हवा होता. जाहिरातीत लिहिलं होतं: पीएच.डी., किंवा त्या तोलाचं प्रकाशित संशोधन. पंढरींना पीएच.डी. नव्हती. त्यांना मार्गदर्शक मिळाला नव्हता. ज्याच्याकडे जावं त्याच्याकडे जागा भरलेली असायची. हा विभाग मिळाला तर ते स्वतःच मार्गदर्शक होणार होते. खेड्यातून येणाऱ्या पोरापोरींना "जागा न्हाई" असं सांगायची पाळी येणार नव्हती. वय त्रेचाळीस. पुन्हा अशी जाहिरात निघायची नव्हती.

प्राचार्य महादेवप्पांनीच अर्ज करायला लावला. मनानं निर्मळ माणूस, बोलणं सावकाश, प्रत्येक वाक्याला आधी "हां बगा" आणि शेवटी "काय?" जोडणारं. "हां बगा धावारे, तुमचे दाखले आपल्या भागात कुणाकडं नाहीत, काय? मी स्वतः येतो लातूरला. शब्द टाकतो, काय?"

आले आणि त्यांनी शब्द टाकला.

मुलाखतीला पुण्याचे तज्ज्ञ होते. गोरेपान, चष्मा पुसत बोलणारे. येताना सूचीतली पानं टंकून आणली होती. "म्हणजे कसं आहे, धावारे, मी चकितच झालो. पशुवैद्यक, रसायन, अर्थशास्त्रसुद्धा! इतक्या वेगवेगळ्या शाखांनी एका लेखाची दखल घेणं हे आपल्याकडे विरळाच. फक्त एक अडचण आहे. ही सूची दाखले पहिल्या लेखकाच्या नावावर लावते, दुसऱ्याच्या नाही. त्यामुळे हे सगळं आर. जी. धावारे यांच्या नावे आहे. तुमच्या नावे पाहिलं तर..." त्यांनी दुसरं पान उलटं ठेवलं. त्यावर फार काही नसावं. "हे आर. जी. कोण?"

पंढरी तोंड उघडणार, तोच महादेवप्पा हसत पुढं सरकले. त्यांना मदतच करायची होती. "हां बगा साहेब, ते यांचे मोठे बंधू, अडाणी गृहस्थ. आमचे धावारे म्हणतात ना, लग्नपत्रिकेत थोरल्याचं नाव आधी घालतात तसं घातलंय, काय?"

सगळी समिती हसली. पंढरींचा विनोद नेहमी हसवायचा.

"मग प्रश्नच मिटला!" पुण्याचे तज्ज्ञ म्हणाले. ते खरोखर खूश झाले होते. "अहो, एक ओळ लिहून द्या. आर. जी. धावारे यांचं नाव कौटुंबिक आदरापोटी घातलं होतं, संशोधनात त्यांचा भाग नव्हता. सोमवारी आणलंत तरी चालेल. सगळे दाखले तुमचेच धरू. मला तर दुसरा उमेदवार दिसत नाही."

"आणतो, सर," पंढरी म्हणाले.

*

बसमध्ये त्यांनी ती ओळ मनात लिहिली. इंग्रजीत सोपी होती. नाव घातलं गेलं होतं. कुणी, का, हे विचारायचं कारण नव्हतं. अण्णा असता तर स्वतःच म्हणाला असता, "लिही की गड्या, मला काय त्या गोऱ्यांनी जेवायला बोलवलंय का?" हेही त्यांना अण्णाच्याच आवाजात ऐकू आलं.

घरी चांगुणानं, त्यांच्या बायकोनं, दारातच विचारलं, "झालं का वो?"

"झाल्यासारखंच हाय. एक ओळ लिहून देयची, बस."

"मंग तोंड कामून आसं? पुऱ्या करू का?"

"सोमवारी कर."

यशोदाबाई ज्वारी निवडत बसली होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "कसली ओळ, भावजी?"

न सांगून चाललं असतं. पण पंढरींनी सांगितलं. हळूहळू, मधले शब्द गाळत: अण्णानं त्या कामात काही केलं नव्हतं, नाव आदरानं घातलं, असं.

सूप थांबलं. यशोदाबाई रागावली नाही. पंढरींना वाटलं होतं, रागावेल.

"तसं आसंल भावजी. मला त्यातलं काय म्हाईत? तुमी शिकलेले." ती पुन्हा निवडू लागली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "पर त्या साली त्येंना मीठ कळंना झालतं."

"काय?"

"मीठ वो. कालवणात मीठच न्हाई म्हनून ताट लोटायचे. म्या वरून घालायची. आजून न्हाई म्हनायचे. लेकरं खारट खारट म्हनून रडायची आन् त्येंना आळणी लागायचं. एकदा म्या चिडून मूठभर मीठच वाढलं ताटात. खाल्लं त्येंनी. आन् म्हनाले, आता जरा लागतंय." ती हसली. हसता हसता पदर तोंडाला गेला. "दुष्काळ सरला तरी लई दिवस तसंच व्हतं. तुमाला बोलले न्हाईत?"

बोलला नव्हता. रविवारी येणाऱ्या भावाला रामकिशननं फक्त चार चवी सांगितल्या होत्या.

पंढरी उठून लेखाची उरलेली एकुलती प्रत घेऊन बसले. दुसरा तक्ता उघडला. ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टरांनी हाच घेतला होता. रसायनवाल्यांनी हाच. त्या थंड देशातल्या बाईनं हाच, आणि विचारलंही होतं, की चव घेणारी किती माणसं होती? त्या कार्डाला आपण उत्तर दिलं नव्हतं, हे पंढरींना आठवलं. का दिलं नव्हतं, तेही आठवलं. एकच, आणि तो छावणीचा राखणदार, असं कसं कळवायचं?

टंकलेखकासमोर वाटलेली लाज हीच होती. नाव आधी घातलं ते बरोबर घातलं होतं. मनाला ते ठाऊक होतं. तोंडानं त्याचा विनोद केला, आणि इतकी वर्षं तेवढाच खरा मानला.

*

सोमवारी त्यांनी लातूरला कागद दिला. एका ओळीऐवजी चार झाल्या होत्या, आणि इंग्रजीत असूनही त्यांत करणारा माणूस होता. रामकिशन ग्यानोबा धावारे यांनी छावणीतलं निरीक्षण केलं, प्रश्न त्यांनी विचारला, सगळे नमुने त्यांनी स्वतः चाखले, त्यांच्याशिवाय दुसरा तक्ता नाही. खाली सही.

पुण्याच्या तज्ज्ञांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. "धावारे, हे खरं असेलही. पण म्हणजे कसं आहे, मला नियमात बसवायला काही उरत नाही हो. नुकसान करून घेताय तुम्ही स्वतःचं."

"हाव सर," पंढरी म्हणाले. लातूरला ते एवढा एकच शब्द आपल्या बोलीत बोलले.

महादेवप्पा बाहेर बाकावर बसून होते. "हां बगा, मी कशाला बोललो तेव्हा, काय?" एवढंच ते परतीच्या वाटेवर म्हणत राहिले. अहमदपूरच्या फाट्यावर त्यांनी पंढरींसाठी चहा सांगितला आणि दोघांचाही चहा गार झाला.

जागा दुसऱ्या एका उमेदवाराला मिळाली. एकाच बुरशीवर त्याचे पुष्कळ लेख होते आणि दाखले बरेचसे त्याच्याच गुरूंनी दिलेले होते. माणूस वाईट नव्हता. विभाग त्यानं नीट चालवला. पंढरी धावारे निवृत्त होईपर्यंत उदगीरला बी.एस्सी.च्या पोरांना देठ-पान-मूळ शिकवत राहिले. मार्गदर्शक झाले नाहीत. लग्नपत्रिकेचा विनोद स्टाफरूममध्ये पुन्हा कुणी काढला, तर ते म्हणायचे, "ते तसं नव्हतं," आणि काय होतं ते सांगायचे. त्यावर कुणी हसत नसे, आणि मग लोक विचारायचेच बंद झाले.

मुलाखतीच्या त्या साली पाऊस पुन्हा ओढ देऊन बसला होता. आषाढात एका दुपारी संगप्पा वर्गाऐवजी घरीच आला. कार्ड होतं; उस्मानाबादेवरून फिरून आलेलं. दारात यशोदाबाई होती. तिला बघून त्यानं टोपी सारखी केली, जरा घुटमळला, आणि मग आपला तो जुना आवाज लावला, पण अर्ध्या पट्टीत:

"डाक्टर आर जी धावारे."

"आणा इकडं," यशोदाबाई म्हणाली.

प्रती संपलेल्या होत्या. पंढरी कोऱ्या कागदाखाली कार्बन घालून दुसरा तक्ता हातानं उतरवू लागले. दोन प्रती निघणार होत्या: एक या कार्डासाठी, एक त्या थंड देशातल्या बाईसाठी, आठ वर्षं उशिरानं, तिच्या प्रश्नाच्या उत्तरासकट. यशोदाबाई शेजारी येऊन बसली.

"ह्यात त्ये कुठं हायेत, भावजी?"

पंढरींनी तिचं बोट धरलं आणि आकड्यांच्या उभ्या रकान्यावर ठेवलं.

"वाचा की."

"कडू," पंढरी वाचू लागले. "कडू. गोड. लई कडू..."

बोट एकेक आकडा खाली उतरत गेलं.